दाढेतला एकशे एकोणसाठावा दिवस

पहिली-दुसरीच्या वर्गात कुणाचा दात पडला की बाई टेबलावरची पितळी घंटा वाजवायच्या. सगळा वर्ग टाळ्या पिटायचा. ज्याचा दात पडला असेल तो रक्ताळलेल्या हिरडीवर जीभ फिरवत ऐटीत इकडेतिकडे बघायचा, आणि बाई कपाटातून बोटाएवढी काचेची नळी काढून त्यात तो दात टाकायच्या. वर चिठ्ठी लावायची: नाव, जन्मतारीख, दात कुठला. शाळा सुटली की नळी दवाखान्यात जायची.

फाटकाशी उभ्या असलेल्या आया मात्र टाळ्या वाजवत नसत. आतून घंटा ऐकू आली की त्या एकमेकींकडे न बघता विचारायच्या, "कुणाचा गं?"

कराडात दंतवाचनाचा नियम लागू होऊन अकरा वर्षं झाली होती. त्यामागचं विज्ञान तसं जुनं आणि साधं. झाडाच्या खोडात वर्षाला एक कडं वाढतं, तसा दाताच्या कवचात दिवसाला एक थर वाढतो. थर कसला, केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाएवढा पापुद्रा. बाळ आईच्या पोटात असतं तेव्हापासून हे काम चालू होतं. जन्माच्या दिवशी त्या कोवळ्या शरीराला एवढा हादरा बसतो, की त्या दिवसाचा थर वेगळाच, गडद उमटतो. त्याला जन्मरेघ म्हणतात. तिथून पुढे एकेक थर मोजत गेलं की बाळाच्या आयुष्यातला एकेक दिवस समोर येतो. ताप आला, रेघ. उपासमार झाली, रेघ. मोडलेलं हाड जुळतं, फाटलेली कातडी भरून येते, पण दाताचं कवच एकदा झालं की झालं. त्यात शरीराला परत काही खोडता येत नाही.

नवं होतं ते यंत्र. ते थर तर मोजायचंच, पण त्या दिवशी बाळाच्या रक्तात काय उसळलं होतं याचा मागमूस काढून तापाची रेघ आणि भीतीची रेघ वेगळी करायचं. या दुसरीला नाव पडलं भयरेघ. यंत्राने पहिल्याच वर्षी एका वस्तीच्या पाण्यातलं शिसं शोधून दिलं, शेकडो मुलं वाचली, आणि कुणाला काही शंका काढायला जागाच उरली नाही. मग नियम झाला. पडलेला किंवा काढलेला प्रत्येक दुधाचा दात वाचायचा आणि मुलाच्या दातवहीत नोंदवायचा. खोल भयरेघ सापडली तर बालहित समिती आईबापाला बोलावून तारीख पुढे ठेवणार: या दिवशी काय झालं होतं?

वैजयंती थोरातच्या समोरच्या इमारतीतल्या मोहिनीला असंच बोलावलं होतं. तिला त्या तारखेचं काही आठवेना. आठवत नाही, हे उत्तर समितीने वाईट धरलं. मुलगी चार महिने सांभाळघरात राहिली. परत आली तेव्हा गुटगुटीत होती, शहाण्यासारखी वागत होती, आणि आईला ‘तुम्ही’ म्हणत होती.

"चहा घेता का तुम्ही, म्हणाली मला," मोहिनीने जिन्यात सांगितलं होतं. सांगताना ती हसली होती. ते हसू वैजयंतीच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं.

कारण वैजयंतीला तारीख आठवत होती. चौदा जून. तिच्या लेकीचा, रुंजीचा जन्म सहा जानेवारीचा. म्हणजे जन्मरेघेपासून एकशे एकोणसाठावा दिवस. हा आकडा तिने इतक्या वेळा मोजला होता, की बाजारात भाजी निवडतानासुद्धा तो तोंडात यायचा.

त्या दिवशी काही मोठं घडलं नव्हतं. निदान बाहेरून बघणाऱ्याला तसंच वाटलं असतं. नवरा प्रमोद पठारावरच्या पवनचक्क्यांवर दुरुस्तीला, शनिवारी यायचा. सासूबाई, ज्यांना ती आत्याबाई म्हणायची, त्या लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. रुंजी तीन दिवस रडत होती. पाजलं तरी, थोपटलं तरी, खांद्यावर घेऊन घरभर चाललं तरी. चौथ्या दिवशी दुपारी वैजयंतीने तिला पाळण्यात ठेवलं, बाहेरून कडी घातली आणि चालायला लागली. संगमाच्या काठावर एका बाकावर जाऊन बसली. परत जायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं. अडीच तास ती तिथे होती. मग ऊन पायांवर आलं, चटका बसला, आणि ती पळत सुटली. घरी आली तेव्हा रुंजी गप्प होती. लंगोट भिजलेला, डोळे उघडे, वर पंख्याकडे बघत होती. वैजयंतीने तिला उचललं आणि मग स्वतःच जी रडली, ती संध्याकाळपर्यंत.

हे तिने कुणालाही सांगितलं नाही. प्रमोदलाही नाही.

रुंजी सहा वर्षांची झाली, पुढचे दात पडले, घंटा वाजल्या, नळ्या गेल्या. वैजयंतीला आठवडाभर जेवण गेलं नाही. पण नोंद स्वच्छ आली. डॉक्टर मुजावर बाईंनी दातवहीवर शिक्का मारला आणि सहज बोलल्या, "पुढचे दात लवकर मिटतात हो. बाळ दोन-तीन महिन्यांचं होतं तोवर त्यांचं कवच पुरं झालेलं असतं. पुढचं सगळं सुळे आणि दाढांना माहीत. जवळजवळ वर्षापर्यंतचं."

शिक्का मारलेली वही हातात घेऊन वैजयंती जिना उतरली, आणि त्या दिवसापासून तिला तिच्या लेकीच्या दाढांची भीती वाटू लागली.

ती रोज सकाळ-संध्याकाळ स्वतः रुंजीचे दात घासून द्यायची. मैत्रिणी कौतुक करायच्या. चॉकलेट घरात नाही, रात्री दूध प्यायल्यावर चूळ भरायचीच. तरीही आठवं लागल्यावर जानेवारीच्या शेवटी रुंजी एकाच बाजूने चावू लागली. खालची, उजवीकडची, सगळ्यात मागची दुधाची दाढ. वैजयंतीने टॉर्च लावून बघितलं. काळा ठिपका.

"दाखवून घे की गं," आत्याबाई म्हणाल्या.

"दुधाचीच आहे. पडेल आपोआप."

"कधी पडंल? पोरगी घास टाकून उठाय लागली."

"अकराव्या वर्षी पडते ती, आत्याबाई. वाचलंय मी."

"आगं, मग चार वर्षं काय पोरीला पेजच घालतीस व्हय?"

वैजयंतीने लवंगेचं तेल आणलं. कापसाच्या बोळ्याने लावायची. दुखणं दोन तास थांबायचं. मग रुंजी यायची, गालाला हात लावून, काही न बोलता तोंड उघडायची. सहा आठवडे असे गेले. रुंजी शहाणी मुलगी होती. ‘दुखतंय’ म्हटलं की आईचा चेहरा कसा होतो ते तिला कळायला लागलं होतं, म्हणून ती फार वेळा म्हणत नसे.

मार्चच्या बारा तारखेला ती उठली तेव्हा उजवा गाल लिंबाएवढा सुजलेला होता आणि अंग कढत होतं. मग मात्र आत्याबाईंनी सुनेला विचारलंच नाही. रिक्षा बोलावून दोघींना दवाखान्यात धाडलं.

डॉक्टर मुजावर बाईंचा दवाखाना बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. बाई पन्नाशीच्या, आवाज मोठा, हात हलका. तोंडात बोळा असल्यावर मुलांना बोलता येत नाही म्हणून नंदा सिस्टरने खुर्चीपाशी एक पांढरी पाटी आणि पेन टांगून ठेवलं होतं.

बाईंनी फोटो काढला, बघितला आणि वैजयंतीकडे वळल्या. "किती दिवस दुखतंय?"

"दोन-तीन दिवस."

बाईंनी पुन्हा फोटोकडे बघितलं. "मुळाशी पू झालाय. काढायला लागेल. लवकर आणली असती तर भरून भागलं असतं, दाढ तोंडातच राहिली असती."

काढतील म्हणून वैजयंतीने तिला आणलं नव्हतं, आणि आणलं नव्हतं म्हणून काढणार होते.

रुंजी रडली नाही. हिरडी बधिर झाली, बाई तिच्याशी मांजराच्या पिल्लांबद्दल बोलत राहिल्या, आणि दहा मिनिटांत दाढ स्टीलच्या ताटलीत पडली. टण्. एवढासा आवाज.

"शाब्बास माझी वाघीण," बाई म्हणाल्या. त्यांनी जखमेवर कापडाचा बोळा दाबून रुंजीला दात मिटायला लावले. मग बोटं मोजत सूचना सांगायला लागल्या. पाऊण तास बोळा दाबून धरायचा. थुंकायचं नाही, लाळ गिळायची. ओठ बधिर आहे, चावू द्यायचा नाही. आज चूळ नाही, गुळणी नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. गार आणि मऊ खायचं. गोळ्या दिल्यात तेवढ्या पुऱ्या करायच्या, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत.

वैजयंती मान हलवत होती. तिला एक शब्दही ऐकू येत नव्हता. ती ताटलीकडे बघत होती. मोत्याएवढी पिवळट दाढ, एका बाजूला काळं भोक, मुळाशी रक्त. त्या एवढ्याशा वस्तूत चौदा जूनची दुपार होती.

"मॅडम, ही आम्हाला मिळेल का?" तिने विचारलं. आवाज जमेल तेवढा साधा ठेवून. "आमच्यात कौलावर टाकतात. उंदराला म्हणून."

"मिळेल की. वाचन झालं की अर्धी देतो डबीतून. उंदराला अर्धी चालते का बघा," बाई हसल्या आणि हात धुवायला वळल्या. नंदा सिस्टर नळी आणायला आत गेली होती.

वैजयंतीने ताटलीतली दाढ उचलली आणि रुमालात गुंडाळली. हे करायला तिला श्वास घेण्याएवढाही वेळ लागला नाही. वर बघितलं तेव्हा रुंजी खुर्चीतून तिच्याकडे बघत होती. तोंडात बोळा, डोळे मोठे.

"चल बाळा," वैजयंती म्हणाली.

दाढ सापडली नाही तर दवाखान्याला ‘हरवली’ अशी नोंद करावी लागते आणि मग समिती घरीच येते, हे तिला माहीत होतं. पण कौलावर टाकून दिली म्हटलं तर? घाईत राहिली, जुन्या वळणाची माणसं आम्ही, सासूबाई ऐकत नाहीत. सगळ्या आया काही ना काही सांगतच असणार. रिक्षात बसून तिने ही वाक्यं तीनदा मनात म्हटली.

घरी आल्यावर तिने रुंजीला आत्याबाईंजवळ बसवलं. "बघा हिच्याकडे, मी आलेच गच्चीवरून." शेजारच्या पिठाच्या गिरणीवर अजून जुनी कौलं होती, आसपासच्या बाकी सगळ्या छपरांवर सौर पत्रे. नेम धरून टाकायला हवं होतं. ती कठड्याशी उभी राहिली. हात वर केला. आणि तिला वाटलं, टाकलं की संपलं. सात वर्षांत पहिल्यांदा तिला झोप येईल असं वाटलं.

"वैजू! आगं वैजू! खाली ये!"

आत्याबाईंचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

मोरीत रुंजी वाकून उभी होती. फ्रॉकच्या पुढच्या भागावर लाल, हनुवटीवर लाल, पांढऱ्या फरशीवर लाळेसकट लाल धार. आत्याबाईंच्या हातात तांब्या होता, पिवळ्या कोमट पाण्याचा.

"तोंडाला वास मारत हुता पोरीच्या," आत्याबाई म्हणाल्या. "मीठ-हळद टाकून गुळण्या करवल्या. चांगल्या खळखळून. बोळा काढला आन्... मला काय ठावं? तू काय बोललीच न्हाईस!"

ती खरंच काही बोलली नव्हती. तिला माहीतच नव्हतं.

रुंजीने आईकडे बघितलं. रक्तापेक्षा आईच्या चेहऱ्याला ती जास्त घाबरली, आणि तेव्हा कुठे किंचाळली.

पुन्हा रिक्षा. पुन्हा तो जिना. रुंजी कडेवर, सात वर्षांची, तरी कडेवर. दवाखान्यात बाईंनी आणि नंदा सिस्टरने तिला खुर्चीत घेतलं, तोंड पुसलं, नवा बोळा दाबला.

"गुळणी केली?" बाईंनी विचारलं.

"आत्याबाईंनी करवली," वैजयंती म्हणाली.

"आत्याबाईंना बोल लावू नका. मीठ-पाणी बरोबरच, फक्त एक दिवस आधी झालं. दाढ निघाली की तिथे रक्ताची गुठळी बसते. तेच जखमेचं झाकण. ते पहिल्या दिवशी हललं की पुन्हा वाहतं. उद्यापासून करा हळू गुळण्या, काही हरकत नाही." त्यांनी रुंजीच्या गालावर हात ठेवला. "राणी, अर्धा तास असंच दाबून धर. नंदामावशी बसते हं तुझ्यापाशी. काही हवं तर पाटीवर लिही."

मग त्यांनी वैजयंतीला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"दाढ कुठाय?"

वैजयंतीने उजवी मूठ उघडली. मघापासून ती मिटलेलीच होती. गच्चीवरून, जिन्यातून, रिक्षातून. रुमाल कुठेतरी पडला होता. दाढेच्या टोकांचे चार वळ तळव्यात उमटले होते.

"मी सकाळीच बघितलं," बाई म्हणाल्या. "पोरगी खुर्चीत होती. तिच्यासमोर तमाशा नको म्हटलं. नोंद पाच वाजता बंद होते, तोवर येतील परत असं वाटलं होतं. अशा नाही, पण येतील."

"मॅडम, वाचू नका. पाया पडते."

"काय आहे तिच्यात?"

आणि वैजयंतीने सांगितलं. पाळणा, कडी, बाक, अडीच तास, पंख्याकडे बघणारे डोळे. सात वर्षांत पहिल्यांदा. सांगताना ती रडली नाही, फक्त दात वाजत होते. "एकशे एकोणसाठावा दिवस," ती शेवटी म्हणाली. "तुम्हाला शोधावा नाही लागणार."

बाईंनी पदराने चष्मा पुसला. "मला वाचावी तर लागेलच. नाही वाचली तर ते येतील आणि सातारला नेऊन वाचतील. इथे निदान तुम्ही समोर आहात. बसा."

यंत्र शिवणयंत्राएवढं होतं. बाईंनी दाढेच्या चांगल्या बाजूची एक पातळ चकती कापली आणि उजेडाखाली सरकवली. पडद्यावर राखाडी रंगाचं शेत नांगरल्यासारखं काहीतरी उमटलं. रेघाच रेघा, शेजारी शेजारी, न मोजता येणाऱ्या.

"ही जाड दिसते ना? जन्मरेघ. सहा जानेवारी." बाईंनी बोट ठेवलं. आकडे पळू लागले. "बेचाळीस. पहिली लस, थोडा ताप. हे अठ्ठ्याण्णव, तिसरी लस, ताप जरा जास्त." आकडे पुढे गेले. वैजयंतीने खुर्चीचा हात धरला. "एकशे छप्पन, सत्तावन्न, अठ्ठावन्न. हे बघा. इथे आहे काहीतरी."

"भयरेघ?"

"पुसट आहे. समितीच्या मापात बसत नाही. तीन दिवस लागोपाठ. पोट दुखत असेल, किंवा..." त्या थांबल्या. आकडा एकाने पुढे गेला. बाईंनी चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. मग चष्मा कपाळावर चढवून पडद्याजवळ गेल्या.

"काय?" वैजयंतीने विचारलं. "काय आहे?"

"काही नाही."

"सांगा मॅडम, मी ऐकते."

"अगं बाई, काही नाही म्हणजे काही नाही. हा तुझा एकशे एकोणसाठावा दिवस. स्वच्छ आहे. त्या आठवड्यातला सगळ्यात स्वच्छ दिवस आहे हा. झोपली असेल. नाहीतर पंखा बघत पडली असेल. तू गेलीस हे तिला कळलंच नाही."

वैजयंती पडद्याकडे बघत राहिली. एकशे सत्तावन्न, पुसट करडी. एकशे अठ्ठावन्न, पुसट करडी. आदल्या तिन्ही दिवशी ती घरातच होती. बाळ तिच्या खांद्यावर होतं, छातीशी होतं. आणि ती कडी घालून निघून गेली, तो दिवस पांढरा.

"म्हणजे मी नव्हते तेव्हा..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

"ते मला माहीत नाही," बाई घाईने म्हणाल्या. "दात एवढंच सांगतो की बाळ कधी घाबरलं. कुणामुळे ते नाही सांगत. पोट दुखत असेल, म्हटलं ना." त्यांनी नोंद लिहिली, शिक्का मारला. "स्वच्छ. झालं. कुणी येणार नाही. सात वर्षं उगाच जीव जाळलास."

वैजयंतीला हसू आलं की रडू, तिचं तिलाही कळलं नाही. तिने बाईंचा हात धरला. आता घरी जायचं, रुंजीला गार पेज द्यायची, ताकभात द्यायचा, शनिवारी प्रमोदला सगळं सांगून टाकायचं. ती उठलीसुद्धा. आणि मग तिची नजर भिंतीवर गेली. सकाळी काढलेला रुंजीच्या जबड्याचा फोटो तिथे उजेडावर लावलेला होता. दुधाच्या दातांच्या खाली, हाडाच्या आत, आणखी दात दिसत होते. पांढऱ्या कळ्यांसारखे, ओळीने.

"हे कायमचे ना?" तिने विचारलं. "हे तयार होऊन बसलेत?"

बाई दातवही बंद करत होत्या, ती करतच राहिल्या.

"बहुतेक झालेत."

"बहुतेक म्हणजे?"

"ही सगळ्यात मागची कळी बघ. कायमची दुसरी दाढ. हिचं कवच सात-आठ वर्षांपर्यंत भरत असतं. म्हणजे..."

"आत्ता."

"हो. आत्ता."

खोलीत यंत्राचा पंखा फिरत होता.

"खरं सांग," बाई म्हणाल्या, यावेळी हळू. "किती दिवस दुखत होतं पोरीला?"

"सहा आठवडे."

"आणि तुला भीती वाटत होती ते तिला कळत होतं?"

वैजयंतीला तोंड उघडून उभी राहिलेली रुंजी दिसली, काही न बोलणारी. सकाळी खुर्चीतले मोठे झालेले डोळे दिसले. मोरीतली किंकाळी ऐकू आली.

"ती दाढ बाराव्या वर्षी वर येईल," बाई म्हणाल्या. "तेव्हा काढावी लागत नाही. तोंडात उजेड धरून वाचतात. तोवर नियम काय असेल देवाला माहीत. आणि अठराव्या वर्षी दातवही मुलीच्या हातात देतात. तिची ती बघते. कुठल्या वर्षी, किती दिवस." त्यांनी वैजयंतीच्या पाठीवर हात ठेवला. "हे बघ, सूज उतरेल, दोन दिवसांत हसायला लागेल. रेघ किती गडद ते पुढच्या दिवसांवरही असतं. आता एकच पथ्य. तिच्यासमोर घाबरायचं नाही."

"कसं?"

बाईंनी दातवही तिच्या हातात दिली आणि दार उघडलं.

बाहेर नंदा सिस्टर औषधांच्या पुड्या बांधत होती. रुंजी खुर्चीत ताठ बसली होती, दात मिटून, दिलेलं काम इमानाने करत. रक्त थांबलं होतं. आईला बघून तिने पाटी ओढली आणि लिहिलं.

दाढ दिली?

वैजयंती जवळ बसली. "हो रे राजा. दिली."

रुंजीने मान डोलावली. मग पेन पुन्हा टेकवलं. तिचं अक्षर वळणदार होतं, ती सावकाश लिहायची.

तू घाबरलीस का?

वैजयंतीने पाटी घेतली. हात स्थिर ठेवायला तिने कोपर मांडीवर रोवलं. चेहऱ्यावर हसू आणलं, डोळ्यांपर्यंत पोचेल असं, आणि लिहिलं: नाही.

रुंजीने ते वाचलं. मग पाटीवरून नजर उचलून आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. चिमुकला हात पुढे करून तिने ‘नाही’वरून बोट फिरवलं, अक्षरं पुसली गेली, पाटी पांढरी झाली. तिने पाटी परत जागेवर टांगली.

वैजयंती हसतच होती. गाल दुखायला लागले तरी हसत होती. आणि आतल्या आत ती मोजायला लागली होती. सहा जानेवारी ते बारा मार्च, मध्ये सात वर्षं, त्यातली दोन लीप.

आज दोन हजार सहाशे बाविसावा दिवस होता.